अर्धा काळा कावळा

त्या दिवशी पाऊस पडत नव्हता आणि थांबतही नव्हता. बर्लिनचा सप्टेंबर असाच असतो. पाणी वरून खाली येत नाही, नुसतं हवेत उभं राहतं. छत्री उघडली तर आपलीच आपल्याला लाज वाटते, मिटली तर बाह्या ओल्या होतात. टियरगार्टन बागेतल्या तळ्यावर धुकं होतं, बदकं पंखात माना खुपसून बसली होती, आणि आम्ही पाच माणसं आमच्या नेहमीच्या बाकाशेजारी एका कागदी थाळीकडे बघत उभे होतो.

थाळीत भाताचे पिंड होते. हिचा दहावा होता. ही म्हणजे आमची मंडळी, सुशीला.

कावळ्याची वाट बघत होतो. कावळा शिवला की समजायचं, गेलेलं माणूस सुखानं पुढं गेलं. नाही शिवला तर त्याचं काहीतरी मागं राहिलंय. मग ते काय राहिलंय ते घरच्यांनी आठवायचं आणि हात जोडून कबूल करायचं, की तुझं ते आम्ही पुरं करतो. आता परक्या मुलखात बाई गेली, नवऱ्याला नीट काही बोलूनही गेली नाही. तिचं काय राहिलं असेल, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं. बाकी कशात माझं लक्ष नव्हतं.

माझं मिरजेला सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात जुन्या ट्यूबा साचायच्या. मुद्दाम कुणी साठवत नाही. एक टाकली, दुसरी टाकली, आणि एक दिवस मागचं दारच उघडेना. माणसाचे किस्से तसेच साचतात. माणूस आहे तोवर त्या कोपऱ्यात कोण बघतंय? त्या दिवशी कावळा येईना, आणि ते दार ढकलल्यासारखं झालं.

* * *

आम्ही पाच म्हणजे कोण, ते सांगतो. मी, सगळे मला आबा म्हणतात. माझा मुलगा सुधीर, इथं इंजिनिअर, त्या दिवशी डोकं भादरलेला. सून मानसी; त्यांच्या लेकीला त्या दिवशी मैत्रिणीकडं ठेवलं होतं. पुण्याचे जोशी सर, शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेले. आणि चिपळूणच्या सावंतवहिनी, लेकीकडे आलेल्या. सर, वहिनी आणि आम्ही दोघं दर उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर यायचो. मुलं ऑफिसला गेली की चौघं या बाकावर. सुधीर याला ‘टियरगार्टन शाखा’ म्हणायचा. ते चौदा साल होतं. जर्मनीनं फुटबॉलचा वर्ल्ड कप जिंकला होता आणि एखाद्या बाल्कनीत अजून झेंडा लोंबत होता.

गुरुजी मिरजेहून स्काइपवर होते. मानसीनं टॅब बाकावर टेकवून ठेवला होता. मंत्र चांगले चालले होते, तेवढ्यात गुरुजी तोंड उघडं ठेवून गोठले. सगळे हात जोडून थांबलो. थोड्या वेळानं गुरुजी हलले आणि म्हणाले, “कुठवर आलो होतो?”

जोशी सर म्हणाले, “आम्ही जर्मनीपर्यंत आलोय, गुरुजी. तुम्ही सांगा.”

मग पहिली अडचण आली. लिंडनच्या झाडावर कावळा येऊन बसला. इथला कावळा आपल्यासारखा नसतो. डोकं काळं, पंख काळे, पण अंग राखाडी. जाकीट घातल्यासारखा दिसतो. सावंतवहिनींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“गुरुजी, हा अर्धाच काळा आहे. चालेल का?”

गुरुजींनी कॅमेऱ्याजवळ तोंड आणलं. नुसतं नाक दिसत होतं. म्हणाले, “देश तसा वेश. चालतंय. शिवू दे फक्त.”

तो शिवला नाही. बसून राहिला.

सुधीर पुढं झाला. म्हणाला, “आई, तुझ्या अस्थी कृष्णेतच सोडतो. मी स्वतः मिरजेला घेऊन जातो.” कावळ्यानं चोच पुसली, फांदीच्या या बाजूला एकदा, त्या बाजूला एकदा, आणि पुन्हा तसाच बसला.

* * *

पहिला किस्सा सावंतवहिनींनी काढला. वाट बघताना त्यांना गप्प बसवत नाही.

आम्ही पहिल्यांदा इथं आलो त्या वर्षीची गोष्ट. रविवारची सकाळ. सुधीर-मानसी बाहेर गेले होते. हिनं मिरजेहून आणलेला लोखंडी खलबत्ता काढला आणि शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली. मिक्सरमध्ये केली तर तेल सुटत नाही, असं तिचं ठाम मत. ठक ठक ठक. इथं रविवारी आवाज करायचा नसतो, खिळासुद्धा ठोकायचा नसतो, हे आम्हाला कुठं ठाऊक?

बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या लेमानबाई. आमच्याच वयाच्या, एकट्या, ताठ. त्यांनी बोट वर केलं आणि म्हणाल्या, “झोंटाग! झोंटाग!” म्हणजे रविवार, रविवार. ते मला नंतर कळलं.

हिला वाटलं, चटणीचा वास खालपर्यंत गेला. जेवायच्या वेळेला दाराशी आलेलं माणूस रिकाम्या हातानं परत कसं पाठवायचं? हिनं स्टीलची वाटी चटणीनं भरली आणि बाईंच्या हातात ठेवली. तक्रार तोंडात आणि वाटी हातात, अशा त्या जिना उतरून गेल्या.

संध्याकाळी वाटी परत आली. घासून लख्ख. रिकामी.

हिचा चेहरा उतरला. शेजारच्या घरची वाटी कुणी रिकामी परत करतं? चिमूटभर साखर तरी घालावी. पण शिकवल्याशिवाय कळायचं कसं? पुढच्या रविवारी हिनं त्याच वाटीत शिरा घातला, खाली गेली आणि वाटी देताना बोट हलवून बजावलं, “रिकामी नाही हं. रिकामी नाही.”

लेमानबाईंनी मान डोलावली. संध्याकाळी वाटी आली. या वेळी घासून, पुसून, वर कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळून. रिकामी! मागच्या वेळी स्वच्छ निघाली नसावी, असं त्यांना वाटलं होतं.

मग हिनं त्यांना दारातच उभं केलं. वाटी उलटी करून दाखवली, मान नाही नाही अशी हलवली. आतून चार द्राक्षं आणून वाटीत टाकली, मान हो हो अशी हलवली. लेमानबाईंनी वाटीत डोकावून बघितलं. मग म्हणाल्या, “आख् झो.” म्हणजे असं होय!

त्यानंतर वाटी आली ती जांभळ्या प्लमनी शिगोशीग. दर रविवारी इकडून भाजी, नाहीतर गोडधोड. तिकडून फळं, केक, कधी नुसती गाजरं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. ही त्यांच्याशी मिरजेचं मराठी बोलायची, त्या हिच्याशी बर्लिनचं जर्मन. एकदा तासभर बोलत बसल्या. मी विचारलं, कशावर चाललं होतं? ही म्हणाली, “गुडघ्यांवर.”

लेमानबाईंना मराठी आलं ते दोनच शब्दांचं. दारात वाटी देताना त्याच बोट हलवून म्हणायच्या, “रिकामी नाही!”

हे सांगताना सावंतवहिनी हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. मानसीला एकदम हुंदका आला. ती थाळीसमोर वाकली. “आई, नातीला मी मराठी बोलायला लावीन. तुम्ही मराठीत विचारायचात आणि ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, ते तुम्हाला लागायचं, मला माहितीय.”

कावळा फांदीवरून खालच्या फांदीवर आला. सगळ्यांनी श्वास धरला. तो तिथंच थांबला.

* * *

दुसरा किस्सा जोशी सरांचा, म्हणजे बर्लिनच्या इतिहासाचाच. सरांना एखादं झाड दिसलं तरी ते राजापासून सुरुवात करतात.

एका दुपारी ते सांगत होते की, ही बाग आधी राजाचं शिकारीचं रान. मग लोकांना फिरायला खुली झाली. मग मोठं युद्ध झालं, शहर पडलं, आणि पुढच्या हिवाळ्यांत जाळायला कोळसा नाही. लोकांनी इथली झाडं तोडून चुलीत घातली. एवढं जंगल, पण बोटावर मोजण्याइतकीच झाडं उरली. मोकळ्या जमिनीत बटाटे लावले, कोबी लावला. पुढं दुसऱ्या गावांनी रोपं पाठवली, त्यांची ही झाडं.

ही सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “म्हणजे आहेरात आलेली झाडं.”

सर म्हणाले, “तसंच काहीसं, वहिनी.”

“आणि ही सगळी माझ्यापेक्षा धाकटी?”

सरांनी मनात हिशोब केला. “बहुतेक सगळी.”

त्या दिवसापासून ही झाडांना अरेतुरे करायला लागली. ऊन अंगावर आलं की वर बघून म्हणायची, “जरा सावली इकडं सरकव रे.” सरांनाही नंतर ते ऐकायची सवय झाली.

पण किस्सा तो नाही. एका शनिवारी लेमानबाई आमच्याबरोबर बागेत आल्या. मानसी होती, म्हणून बोलणं कळलं. सरांनी बटाट्यांचा विषय काढल्यावर बाईंनी काठी उचलून तळ्यापलीकडची हिरवळ दाखवली. म्हणाल्या, तिथं आमचा वाफा होता. मी लहान होते. रोपं कुणी उपटून नेऊ नयेत म्हणून आई मला आणि बहिणीला राखणीला बसवायची. भूक लागली की बहीण म्हणायची, डोळे मीट आणि बटाटे मोठे होताना ऐक.

सरांनी आपला इतिहास मिटून ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. हिनं बटाट्याची भाजी केली, लिंबू पिळून, कोथिंबीर घालून. वाटी घेऊन मीच खाली गेलो होतो. बाई मला ‘हेर आबा’ म्हणायच्या, हेर म्हणजे साहेब. लेमानबाईंनी झाकण काढलं, आत बघितलं आणि दारातच उभ्या उभ्या सगळी भाजी खाल्ली. मी जिन्यात तसाच उभा. दार लावताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढंच.

जोशी सर पिंडासमोर आले. घसा साफ केला. “वहिनी, मी फार बोलतो, असं तुम्ही आबांना म्हणायचात. मला ऐकू यायचं. यापुढं कमी बोलेन.”

सावंतवहिनी हळूच म्हणाल्या, “अशक्य गोष्टी कबूल करू नका, सर. म्हणून तर तो येत नाही.”

* * *

बागेच्या त्या टोकाला, मोठ्या वेशीजवळ, रस्त्यात दगडांची दुहेरी रेघ आहे. शहराच्या मधून भिंत गेली होती तिची ती खूण. सरांनी भिंतीचा सगळा इतिहास सांगितला. कुणी बांधली, कशाला बांधली, कशी पडली. ही एक पाय रेघेच्या इकडं आणि एक तिकडं ठेवून ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, “पडली तेव्हा तिचा माल कुणी नेला?”

सर गोंधळले. असा प्रश्न त्यांना वर्गात कुणी विचारला नसावा. म्हणाले, बराचसा रस्त्यांच्या भरावात गेला, थोडे तुकडे दुकानात विकतात. समोरच्या दुकानात खरंच होते, प्लास्टिकच्या डबीत.

ही म्हणाली, “आमच्याकडं पडक्या तटाचे दगड लोक गुपचूप घरी नेतात. इथं विकतात. तेवढाच फरक.”

लेमानबाई त्या दिवशीही बरोबर होत्या. मानसीनं त्यांना हे सांगितलं. त्या हसल्या, आणि मग म्हणाल्या, माझं एक भांडं तिकडं राहिलं.

झालं असं होतं की, बटाटे राखणारी ती बहीण लग्न होऊन शहराच्या पलीकडच्या भागात गेली होती. चालत जाण्याएवढ्या अंतरावर. तिनं लेमानबाईंकडून केकचं भांडं नेलं, म्हणाली, रविवारी आणून देते. त्याच रविवारी सकाळी लोक उठले तो रस्त्यात तारा ओढलेल्या. मग भिंत. बहीण खिडकीतून चादर हलवायची, या इकडून हलवायच्या. पुढं ती खिडकीही विटांनी बुजवली. पलीकडं जायला परवाने मिळायला लागले तोवर बहीण आजारानं गेली होती, आणि तिच्या घरात दुसरेच लोक राहत होते.

मानसी सांगताना अडखळत होती. हिनं सगळं ऐकलं आणि मानसीला म्हणाली, “त्यांना विचार, भांड्यावर नाव घातलं होतं का?”

नव्हतं.

“तिथंच चुकलं,” ही म्हणाली. “नाव असतं तर कुणीतरी आणून दिलं असतं.”

लेमानबाईंना हे कळेना, भांड्यावर नाव कसलं? तेव्हा मानसीनं सांगितलं, आमच्याकडं नवं भांडं घेतलं की त्यावर नाव कोरून घेतात. लग्नकार्यात भांडी शेजारी जातात, ती ज्याच्या त्याच्या घरी परत यावीत म्हणून. घरी आल्यावर लेमानबाईंनी वाटी मागून घेतली आणि खिडकीशी नेऊन तिरकी धरली. काठाखाली बारीक ठिपक्यांत लिहिलेलं होतं, ‘सौ. सुशीला’. एवढी वर्षं त्यांना ती नक्षी वाटत होती. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. त्या दिवसापासून त्या वाटी एका हातानं घेत नसत.

* * *

एक किस्सा मी कुणाला सांगितला नाही. उभ्या उभ्या आठवला, तेवढंच.

टेम्पेलहोफला जुना विमानतळ आहे. आता तिथं विमानं येत नाहीत, लोक पतंग उडवतात, धावपट्टीवर सायकली चालवतात. सर म्हणतात, एके काळी शहराची कोंडी झाली होती तेव्हा इथं पीठ आणि कोळसा विमानातून यायचा. सुधीरनं मला तिथं सायकल भाड्यानं घेऊन दिली. जन्मभर लोकांच्या सायकली दुरुस्त केल्या, पण हिला कधी मागं बसवून मिरजेत फिरवलं नव्हतं. लोक काय म्हणतील, असं तीच म्हणायची.

त्या दिवशी तिनं इकडं तिकडं बघितलं. ओळखीचं कुणी नव्हतं. कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसली आणि माझा शर्ट धरला. धावपट्टी लांबच लांब. मी हळूच पायडल मारलं.

ती मागून म्हणाली, “अहो, पट्टा बांधायचा नाही का?”

माझं हँडल हसून हसून हलायला लागलं. शेवटपर्यंत गेलो आणि परत आलो. उतरल्यावर म्हणाली, मिरजेत कुणाला सांगू नका.

नाही सांगितलं.

* * *

आणि हे किस्सा म्हणण्यासारखं नाही, पण आमच्या बाकावर त्याचीही चर्चा झाली.

ती गुरुवारी गेली. रविवारी साखरभात करून खाली देऊन आली होती, चांगली होती. गुरुवारी दुपारी जेवून आडवी झाली आणि चारच्या चहाला उठली नाही. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही.

मग कागद सुरू झाले. सुधीर या ऑफिसातून त्या ऑफिसात. दहन व्हायलाच आठवडा गेला. राख हातात देत नाहीत इथं. ती डब्यात बंद होणार, शिक्के बसणार आणि परस्पर विमानानं जाणार, सुधीरच्या हातात यायची ती तिकडं उतरल्यावरच. घरी एक रात्रसुद्धा ठेवता येत नाही. सुधीरनं पुन्हा पुन्हा विचारलं. ती माणसं वाईट नव्हती, अगदी हळू आवाजात नाही म्हणाली.

जोशी सर म्हणाले, “या देशात घर बदललं की आनमेल्डुंग करावं लागतं, ऑफिसात जाऊन नवा पत्ता कळवायचा. वहिनींचाही पत्ता बदलला. इथं मेल्यावरही ते चुकत नाही, आबा.”

मला हसू आलं. ती गेल्यावर पहिल्यांदाच. आणि हसू आलं तसं रडूही आलं. सर घाबरले. मी म्हटलं, राहू द्या, बरं झालं.

* * *

तर कावळा.

एव्हाना तीन कावळे झाले होते. तिघेही लिंडनवर, तिघेही थाळीकडे बघत. गुरुजी म्हणाले, फार वेळ झाला तर दर्भाचा कावळा करून शिववता येतो, शास्त्रात सोय आहे. सावंतवहिनी म्हणाल्या, दर्भ आणायचा कुठून? आणि या बागेतलं गवत उपटलं तर कोण येईल सांगता येत नाही.

आणि खरंच आला. बागेवर देखरेख करणारा माणूस, गणवेशात, पोरगेलासा. थाळीकडे बोट करून म्हणाला, पक्ष्यांना खायला घालायला इथं मनाई आहे. सुधीर काहीतरी समजावायला गेला. मानसी पुढं झाली. ती जर्मनमध्ये काय म्हणाली ते तिनं मला नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, “हे कावळ्यांसाठी नाही. माझ्या सासूबाईंसाठी वाढलंय.”

त्या माणसानं तिच्याकडं बघितलं. सुधीरच्या डोक्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग “आख् झो” म्हणाला, आणि लांब तळ्यावरच्या पुलावर जाऊन आमच्याकडं पाठ करून उभा राहिला.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझीच पाळी राहिली होती.

मी थाळीसमोर बसलो. गुडघे ओल्या गवतात. म्हटलं, “अगं, मी गोळ्या वेळेवर घेईन. सुधीरवर चिडणार नाही. घराला कुलूप लावून बसणार नाही, माणसांत राहीन. आणखी काय राहिलं असेल तर मला कळत नाही. तू कधी मागितलंच नाहीस काही. आता कावळ्याला कसं कळायचं, आणि मला कसं कळायचं?”

कावळे हलले नाहीत. स्काइपवर गुरुजीही गप्प. या वेळी ते गोठले नव्हते.

तेवढ्यात रस्त्याच्या बाजूनं काठीचा आवाज आला. लेमानबाई येत होत्या. काळा कोट, डोक्याला काळा रुमाल. मानसीनं त्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं, पण त्या येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. गुडघ्यामुळं हल्ली त्या घराजवळच्या नदीचा पूलसुद्धा ओलांडत नसत. एका हातात काठी, आणि दुसऱ्या हातानं छातीशी काहीतरी धरलेलं, स्वच्छ पंच्यात गुंडाळलेलं.

त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. काठी सावंतवहिनींकडे दिली आणि पंचा सोडला. आत वाटी होती. साखरभाताची, रविवारची. खालीच राहिली होती. गेल्या दहा दिवसांत घरात कुणालाच तिची आठवण झाली नव्हती. आता ती प्लमच्या केकनं भरलेली होती, काठोकाठ. त्यांनी दोन्ही हातांनी ती पिंडाच्या शेजारी ठेवली, नावाची बाजू थाळीकडं करून. मग ताठ उभ्या राहिल्या.

लिंडनवरचा एक कावळा खाली उतरला. गवतातून चालत आला, घाई नाही, गडबड नाही. वाटीपाशी थांबला. मान वाकडी करून आत बघितलं. केकला चोच लावली नाही. वळला, आणि थाळीतल्या पिंडाला शिवला. एक घास घेतला आणि तळ्यावरून धुक्यात निघून गेला.

“शिवला!” टॅबमधून गुरुजी ओरडले. सुधीर खाली बसून लहान पोरासारखा रडायला लागला. मानसीनं त्याचं डोकं पोटाशी धरलं. जोशी सर काही बोलले नाहीत. खरंच बोलले नाहीत.

लेमानबाई वाकल्या, वाटी उचलली, पंच्यानं तिचं बूड पुसलं आणि केकसकट माझ्या हातात दिली. वाटी थंड होती. मी मान डोलावली. मला वाटलं, झालं. पण त्यांनी हात सोडला नाही. माझ्याकडं बघितलं आणि दुसऱ्या हाताचं बोट वर केलं.

“हेर आबा,” त्या म्हणाल्या. “झोंटाग. रिकामी नाही.”